रोबोटला तोंड आपलंच लागतं

रोबोटचा आवाज ही मशीनची करामत असते, असा एक गोड गैरसमज आहे. सिंथ आणला, व्होकोडरचा प्रोग्रॅम लावला, माइकमध्ये 'नमस्कार' म्हटलं की झाला रोबोट! प्रत्यक्षात पहिल्या संध्याकाळी जे बाहेर येतं ते उशीत तोंड खुपसून बोलणाऱ्या माणसासारखं असतं, आणि त्याच्या मागे पंख्याची घरघर फुकट. मग घेणाऱ्याला वाटतं माइक भिकार आहे, किंवा मॉडेल जुनं आहे, किंवा आपण सरळसरळ फसलो. माझं मत विचाराल तर (नाही विचारलंत तरी सांगणारच, शनिवार आहे आणि बाहेर पाऊस आहे) या सगळ्यात नॉब आणि बटणांचा वाटा चार आण्यांचा. उरलेले बारा आणे तुमच्या जिभेचे, ओठांचे आणि दातांचे. रोबोट व्हायचं तर आधी माणसासारखं स्पष्ट बोलता आलं पाहिजे. ऐकायला उलटं वाटतं, पण यंत्राच्या पोटात शिरलं की त्यात उलटं काही राहत नाही.

आधी जरा साफसफाई. आपल्याकडे कुठलाही विचित्र आवाज ऐकला की लोक 'व्होकोडर' म्हणून मोकळे होतात. शेरच्या 'बिलीव्ह'मधला (१९९८) तो तुटक तुटक उड्या मारणारा आवाज ऑटोट्यूनचा. 'डॉक्टर हू'मधले डालेक १९६३ पासून जे किंचाळतात ते रिंग मॉड्युलेटरमधून. पीटर फ्रॅम्प्टनची बोलणारी गिटार म्हणजे टॉकबॉक्स, तिथे चक्क प्लॅस्टिकची नळी तोंडात धरतात. हे सगळे एकमेकांचे लांबचे नातेवाईक म्हणा हवं तर, पण व्होकोडर वेगळा. व्होकोडर ऐकायचा असेल तर क्राफ्टवेर्कचा 'द मॅन-मशीन' (१९७८) लावा. त्यातलं रोबोटांचं गाणं मूठभर शब्दांचं आहे, पण एकेक शब्द कातळावर कोरल्यासारखा येतो. ती त्या जर्मन लोकांच्या उच्चारांची मेहनत आहे, नुसत्या सर्किटची नव्हे.

गंमत म्हणजे हे यंत्र संगीतासाठी किंवा रोबोटसाठी जन्मलंच नाही. बेल लॅब्जमधल्या होमर डडलीला टेलिफोनच्या तारेवर जागा वाचवायची होती. त्याचा विचार आपल्यासारख्या कॉम्प्रेशनवाल्यांना लगेच पटेल असा आहे. माणूस बोलतो तेव्हा गळा नुसता गुणगुणतो, ते गुणगुणणं म्हणजे कच्चा माल. त्याला आकार देतं तोंड. आणि तोंडाचे स्नायू काही फार वेगात हलत नाहीत, सेकंदाला फार तर दहा-बारा हालचाली. मग अख्खा आवाज तारेवरून कशाला पाठवायचा? तोंडाच्या हालचालींचा हिशेब तेवढा पाठवा, पलीकडे एक कृत्रिम गळा ठेवा आणि तिकडे आवाज परत उभा करा. १९३९ साली त्याला याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा भाऊबंद 'व्होडर' लोकांपुढे आला. तो तर माणसाच्या बोलण्याशिवायच बोलायचा, एक ऑपरेटर मुलगी बोटांनी, मनगटाने आणि पायाने एकेक अक्षर वाजवायची. त्यासाठी या मुलींना महिनोन्‌महिने सराव करावा लागला. म्हणजे तेव्हाही बोलण्याचे कष्ट माणसालाच होते.

नंतर दुसऱ्या महायुद्धात 'सिगसॅली' नावाच्या गुप्त टेलिफोन यंत्रणेत व्होकोडर बसला. जुलै १९४३ मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात ती सुरू झाली. एकेका ठिकाणच्या यंत्राचं वजन ५० टनांच्या घरात, आणि त्यात आवाजाचे पट्टे किती? दहा. आज पाठीवर टाकून नेता येणाऱ्या मायक्रोकॉर्गमध्ये आठ आहेत.

आता पोटातलं. आठ चाळण्या एका ओळीत लावल्यात असं समजा. पहिलीतून आवाजाचा सगळ्यात खालचा, घुमणारा भाग जातो, आठवीतून सगळ्यात वरचा, सळसळणारा. तुम्ही माइकमध्ये बोललात की प्रत्येक चाळणीतून किती माल पडतोय हे एक मुनीम क्षणाक्षणाला टिपत असतो. माल मात्र फेकून देतात! उरतो फक्त हिशेब. दुसरीकडे अगदी तशाच आठ चाळण्या आहेत, त्यांत सिंथचा आवाज ओततात आणि मुनिमाच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येकीखालचा नळ कमी-जास्त उघडतात. झालं, एवढंच. तुमच्या बोलण्याला मॉड्युलेटर म्हणतात, सिंथच्या आवाजाला कॅरिअर. कुणीतरी पेटीवर एक सूर धरून ठेवलाय आणि त्या पेटीलाच ओठ फुटलेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे तुमचा सूर फेकलेल्या मालात जातो. तुम्ही बेसुर असा, घसा बसलेला असो, वय अकरा असो की साठ, रोबोट कुठल्या पट्टीत बोलणार हे की-बोर्डवरचं बोट ठरवतं. दुसरी म्हणजे जे तुमच्या तोंडातून मुळात निघालंच नाही, ते कुठलाही नळ उघडू शकत नाही. आपण रोजच्या बोलण्यात शब्दांची शेपटं खातो आणि ऐकणारा अंदाजाने ती जोडून घेतो. मुनीम अंदाज करत नाही.

सेटअपकडे येतो. मी मायक्रोकॉर्गबद्दल बोलणार, कारण २००२ साली आलेला हा छोटा डबा आजही सेकंडहँडमध्ये भरपूर फिरतो आणि त्याच्यासोबत हंसाच्या मानेसारखा वाकणारा माइकही येतो (जुना घेताना तो माइक आहे ना ते बघून घ्या, लोक हरवतात). २००९ च्या एक्सएल मॉडेलमध्ये पट्टे सोळा झाले, तत्त्व तेच. तुमच्याकडे दुसरा कुठला सिंथ असेल तर नॉबांची नावं बदलतील, क्रम हाच.

प्रोग्रॅमची चकती व्होकोडरवर आणा. आणि कृपा करून हेडफोन लावा. स्पीकर चालू ठेवून व्होकोडर लावणं म्हणजे रोबोटला स्वतःचंच बोलणं ऐकवणं, तो दोन सेकंदांत किंचाळायला लागतो. माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर, किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'ची हवा थेट आदळणार नाही. मागचा व्हॉल्यूम असा ठेवा की जोरात बोललात तरी दिवा लाल व्हायच्या अलीकडे राहील.

मग कॅरिअर. ऑसिलेटरला सॉ वेव्ह द्या. साइन वेव्ह दिसायला सुरेख, पण तिच्यात एकच स्वर असतो, आठातल्या सात चाळण्यांत ओतायला काही नाही. सॉ वेव्हमध्ये मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर भरलेले असतात. हीच गोष्ट पट्टीला लागू. ११० हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला सूर धरलात तर दर ११० हर्ट्झवर एक उपस्वर मिळतो, प्रत्येक चाळणीला काही ना काही खायला मिळतं. तोच सूर वर नेऊन ५०० हर्ट्झच्या पुढे धरलात तर उपस्वरांमध्ये मोठमोठे खड्डे पडतात आणि शब्द त्या खड्ड्यांत गडप होतात. 'माझा व्होकोडर शब्दच नीट काढत नाही' म्हणणारे बरेच जण दोन सप्तकं वर वाजवत असतात. खाली या राव.

बोट एकाच पट्टीवर ठेवा आणि वाक्य संपेपर्यंत हलवू नका. माणसाचं बोलणं सतत वरखाली होत असतं, प्रश्न विचारताना चढतं, कंटाळा आला की उतरतं. ते सपाट केलं की रोबोट झालाच. दोन पट्ट्या पंचमाच्या अंतरावर धरल्या तर रोबोट जरा भारदस्त होतो, सरकारी खात्यातला. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या दाबल्या की खलनायक.

आता खरी मेख, व्यंजनं. 'स', 'श', 'फ' म्हणताना गळा वाजतच नाही, नुसती हवा सळसळते, आणि ती सळसळ वरच्या पट्ट्यांत असते. सॉ वेव्हमध्ये तिथे माल कमी, आणि तोही गुणगुणता, सळसळता नव्हे. म्हणून 'सासूबाई' बोललं की 'आऊबाई' ऐकू येतं. दोन उपाय आहेत. मिक्सरमध्ये कॅरिअरसोबत चिमूटभर नॉइज टाका, आमटीत हिंग टाकतो तेवढाच. आणि एचपीएफ लेव्हल वाढवा. हा नॉब तुमच्या खऱ्या आवाजाचा फक्त वरचा, सळसळता भाग चाळण्यांना वळसा घालून थेट बाहेर सोडतो. थोडी फसवाफसवी आहे, रोबोटच्या तोंडात तुमचेच दात बसवण्यासारखी, पण शब्द कळायला लागतात. एचपीएफ गेट एनेबल करा, नाहीतर पट्टी दाबलेली नसतानाही 'स-स-स' गळत राहतं.

पंख्यासाठी थ्रेशोल्ड आहे. आधी पंखा बंद करून बघा, मग नॉबकडे वळा. थ्रेशोल्ड फार चढवलात तर शब्दांची शेवटची अक्षरं तोडली जातात, आणि मराठीत शेवटच्या अक्षरात बऱ्याचदा अख्खं व्याकरण असतं. 'गेला', 'गेली', 'गेले' यांतला फरक त्या शेपटातच आहे ना! ई.एफ. सेन्स खालच्या बाजूला ठेवा म्हणजे मुनीम चपळ राहतो. तो वाढवला की शब्द एकमेकांत ओघळतात, भजनाला चालेल, संवादाला नाही. एन्व्हलपचा अटॅक शून्य, सस्टेन पूर्ण. आणि डीले, कोरस, फ्लँजर हे सगळं सुरुवातीला बंद. इफेक्ट म्हणजे लिंबू-कोथिंबीर, भाजी शिजल्यावर.

इतकं झाल्यावर जो तो स्वतःवर खूश होतो, कारण त्याला स्वतःला सगळे शब्द स्वच्छ ऐकू येतात. इथे सावध राहा. वाक्य आधीपासून माहीत असलं की आपला मेंदू अर्धवट आवाजातूनही ते पूर्ण ऐकतो. त्यामुळे परीक्षक बाहेरचा हवा. माझी पद्धत अशी, घरातल्या कुणालातरी पलीकडच्या खोलीत कागद-पेन देऊन बसवायचं आणि रोबोटच्या आवाजात आकडे सांगायचे. सहासष्ट, एकोणसाठ, सदुसष्ट, एकोणसत्तर, अडुसष्ट. मराठी आकडे यासाठी देवाने पाठवलेत, सगळे एकमेकांचे चुलतभाऊ आणि 'स', 'ष', 'ट', 'ठ' यांनी खच्चून भरलेले. दहापैकी आठ बरोबर लिहिले गेले तर सेटिंग आणि तोंड दोन्ही पास.

पट्टे आठच आहेत म्हणून अडतंय, हे कारण मात्र मला मान्य नाही. १९९५ साली रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शांत खोलीत, थोड्या सरावानंतर, फक्त चार पट्ट्यांच्या हिशेबावर उभी केलेली वाक्यंसुद्धा माणसाला जवळजवळ पूर्ण कळतात. कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट याच तत्त्वावर चालतं, तिथे नळांच्या जागी इलेक्ट्रोड असतात. कितीतरी मुलं रोज त्या हिशेबावर शाळेत जातात. आपल्याला तर फक्त रोबोट व्हायचंय.

तरी आठ पट्ट्यांत काही गोष्टी हरवतात, हे कबूल. 'काल' आणि 'काळ' वेगळे काढणं मला अजून जमलेलं नाही. 'ळ'ची ओळख ज्या बारीक जागेत असते तिच्यासाठी या चाळण्या फार जाड आहेत. 'म' आणि 'न' एकमेकांच्या घरात शिरतात. उलट 'क', 'ट', 'प' झकास येतात, कारण त्यांच्या आधी क्षणभर शांतता असते आणि मुनिमाला शांतता फार छान कळते. 'ख', 'ठ', 'थ' हे महाप्राण एचपीएफवर जगतात. तेव्हा रोबोटसाठी संवाद लिहिणार असाल तर कठोर व्यंजनांचे शब्द निवडा. 'मला माहीत नाही' ऐवजी 'उत्तर ठाऊक नाही'. एकदम फरक पडतो, करून बघा.

आता हे सगळं कशासाठी, एआय आहे की! हा प्रश्न मला आमच्या सोसायटीच्या गणपतीत विचारला गेला. मुलांच्या नाटकात एक रोबोट होता आणि तो पडद्यामागून बोलणार होता. कमिटीतले एक काका म्हणाले, "अरे, एआयला सांग, दोन मिनिटांत क्लिपा करून देईल. कशाला ती पेटी उचलून आणतोस?" त्यांनी एक करून ऐकवलीही. आवाज अतिशय गोड होता, कर्जाचे हप्ते थकल्यावर फोन येतो ना, तसा. मी म्हटलं, "काका, क्लिप उत्तम आहे, पण तिला पुढच्याचं ऐकू येत नाही." बरीच चर्चा होऊन (गणपतीच्या मीटिंगमध्ये चर्चा नेहमी बरीचच होते) पेटीला परवानगी मिळाली. माइकवर बसली माझी भाची, वय अकरा. पट्टी मी धरली.

लहान मुलीच्या आवाजात खालचे एक-दोन पट्टे रिकामेच असतात, त्यामुळे पट्टी खर्जातली असूनही आमचा रोबोट जरा टिनपाट वाटत होता. फॉर्मंट शिफ्ट उणे एकवर नेला आणि खालच्या पट्ट्यांची लेव्हल चढवली, तेव्हा त्याला छाती आली. तालमीत ती मुद्दाम जाडा आवाज काढून बोलायची. "अगं, तू तुझ्या आवाजात बोल, जाडेपणा मशीन बघेल, तू फक्त शब्द तोड," असं सांगितल्यावर म्हणाली, "मामा, मग रोबोट मी आहे की तू?" उत्तर देता आलं नाही. असो.

प्रयोगात पुढचा मुलगा वाक्य विसरला. चार सेकंद गेले, पाच गेले. पडद्यामागून रोबोट सपाट सुरात म्हणाला, "तुझं. पाठांतर. कच्चं. आहे." मांडव हसला, मुलाला वाक्य आठवलं, नाटक पुढे सरकलं. क्लिप लावली असती तर तिने पुढचं वाक्य ठरल्या वेळी टाकलं असतं आणि पोरगं रडकुंडीला आलं असतं. एवढ्यासाठी हार्डवेअर.

एआयच्या आवाजावर माझा राग नाही, ऑफिसात मी दिवसभर तसल्याच गोष्टींच्या सावलीत बसतो. पण ते आवाज ज्या दिशेने चाललेत ती मला विचित्र वाटते. तिथे सगळी अक्कल या गोष्टीवर खर्च होते की ऐकणाऱ्याला मशीन असल्याचा पत्ता लागू नये. मुलाच्या आवाजात आईला फोन करून पैसे मागण्याइतकं ते आता सोपं झालंय. व्होकोडरचं नेमकं उलट. तो पहिल्या अक्षराला सांगतो की मी मशीन आहे, आणि आत मात्र कुणीतरी श्वास घेत, थुंकी गिळत, वेळ साधत बोलत असतो. या दोन रोबोटांत विश्वास कोणावर ठेवायचा हे मला तरी कठीण वाटत नाही. (सिगसॅलीही लपवालपवीसाठीच होती हे मला माहीत आहे. पण तिने शब्द लपवले, बोलणारा बनावट नव्हता.)

लाइव्ह वापरणार असाल तर दोन गोष्टी राहिल्या. मायक्रोकॉर्ग सहा पेन्सिल सेलवर चालतो, तेव्हा नवे सेल टाकून ठेवा, मांडवातल्या प्लगपॉइंटवर रोषणाईचा हक्क पहिला असतो. आणि नाटकात रोबोट बंद पडायचा असेल तर शेवटच्या शब्दाचा 'आ' लांबवायला सांगा, त्याच क्षणी ई.एफ. सेन्स पूर्ण उजवीकडे होल्डवर न्या. तोंड मिटलं तरी 'आ' तसाच गोठून राहतो. मग पिच व्हील हळूहळू खाली ओढा आणि पट्टी सोडा. लहान मुलांना हे इतकं आवडतं की प्रयोग संपल्यावर रांग लागते, तेव्हा माइकला स्पंजची टोपी घाला :)